शॉर्ट शिफ्टर बसवून घ्यावा का? रोज घोडबंदर रोडने जाणाऱ्याचा प्रश्न

खाडीपलीकडचा | शनिवार, सकाळी ७.५०

नमस्कार. माझी गाडी २०१७ ची, पाच गिअरची पेट्रोल हॅचबॅक आहे आणि तिचे १,०४,००० किलोमीटर झाले आहेत. मी पातलीपाड्याला राहतो आणि आठवड्यातले पाच दिवस ऐरोलीला जातो: घोडबंदर रोडने कापूरबावडी, माजिवडा, मग मुलुंडवरून ऐरोली पूल, आणि पूल तुंबल्याचे कळले तर कळवा-विटावा. या वाटेवर पहिला, दुसरा आणि क्वचित तिसरा एवढेच गिअर कामाला येतात, पण ते इतक्या वेळा टाकावे लागतात की ऐरोली येईपर्यंत अंग आंबून जाते.

गेल्या वर्षभरात गिअरचा दांडा फारच लांब जातो आहे असे वाटू लागले आहे. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना पिठले ढवळल्यासारखे वाटते. पळी कुठेही फिरवा, भांडे जागेवरच. एका दुकानदाराने शॉर्ट शिफ्टरचे, म्हणजे दांड्याचा पल्ला आखूड करणाऱ्या भागांचे, किट सुचवले असून बसवण्यासकट ७,५०० रुपये सांगितले आहेत. दांड्याचा पल्ला कमी झाला की दगदग कमी होईल, असा माझा साधा हिशेब आहे. ज्यांनी बसवला आहे किंवा बसवून काढून टाकला आहे, त्यांनी अनुभव सांगावेत. गिअरबॉक्सला काही अपाय होतो का, हेही कळले तर बरे होईल.

अर्धा_क्लच | शनिवार, सकाळी ८.०५

आधी एवढेच सांगा, की दुखतो तो हात की पाय?

लेथवाला_रबाळे | शनिवार, सकाळी ९.२०

माझ्या स्वतःच्या गाडीत तीन वर्षांपासून शॉर्ट शिफ्टर आहे आणि त्यातला एक भाग मी माझ्याच लेथवर केला आहे, तेव्हा मी विरोधक नाही हे आधीच नोंदवतो. पण दुकानदार जे सांगत नाही ते सांगणे आवश्यक आहे.

गिअरचा दांडा म्हणजे शाळेत शिकलेली तरफ. समजा टेकूपासून वर नॉबपर्यंत २४० मिलिमीटर आहेत आणि टेकूखाली ६०. प्रमाण झाले ४ ला १. खालचे टोक १५ मिलिमीटर सरकवायचे असेल तर नॉब ६० मिलिमीटर न्यावा लागतो. आता किटमध्ये खालचा भाग ८० मिलिमीटर करून देतात असे धरू. प्रमाण ३ ला १ होते आणि नॉबचा पल्ला ४५ वर येतो, म्हणजे पाव भाग वाचला. पण खालच्या टोकाला ८ किलोचा जोर लागत असेल, तर पूर्वी नॉबवर २ किलो पुरत होते आणि आता २.७ किलोच्या आसपास लागतील. पल्ला २५ टक्के कमी, जोर ३३ टक्के जास्त. पाकिटावर पहिला आकडा छापलेला असतो, दुसरा कधीच नसतो.

काही जण नुसता वरचा दांडा कापून आखूड करतात. २४० चे १८० केले तरी प्रमाण तेच ३ ला १ येते, पण नॉब ६ सेंटिमीटर खाली जातो आणि प्रत्येक गिअरला खांदा वाकवावा लागतो. हे काम स्वस्तात होते आणि स्वस्तच दिसते.

तुमची गाडी पुढच्या चाकांवर चालणारी, आडव्या (गाडीच्या रुंदीत बसवलेल्या) इंजिनाची असणार. तिच्यात दांडा थेट गिअरबॉक्समध्ये उतरत नाही. दोन केबल जातात, एक पुढे-मागे करण्यासाठी आणि दुसरी डावी-उजवी रांग निवडण्यासाठी. काही किट केबिनमधला टेकू बदलतात, तर काही गिअरबॉक्सवरचा छोटा हात, म्हणजे केबल जिला जोडलेली असते ती पट्टी, आखूड करतात, जेणेकरून केबल थोडी ओढली तरी शाफ्ट पूर्ण फिरतो. कोणते किट आहे ते विचारून घ्या.

पामबीच_पहाट | शनिवार, सकाळी १०.०२

लेथवाल्या साहेबांचे गणित बरोबर आहे, पण गाडी चालवण्याचा आनंद काही वजनकाट्यावर मोजता येत नाही. माझ्याकडे दोन वर्षांपासून आहे. पूर्वी तिसरा गिअर टाकताना हात डॅशबोर्डजवळ जायचा. आता मनगट वळवले की काम होते. गिअर बसल्याचा तो ‘खट्’ स्पर्श तळहाताला कळतो, आणि नेमका कोणता गिअर आहे हे पाहावे लागत नाही. मझदाची १९८९ सालची एमएक्स-५ ही स्पोर्ट्स गाडी आजही जगभर तिच्या गिअरसाठी वाखाणली जाते, त्याचे कारण हा आखूड पल्लाच आहे. रविवारी पहाटे बेलापूरहून वाशीपर्यंत पामबीच रोड रिकामा मिळाला की पैसे वसूल झाल्यासारखे वाटते.

निवृत्त_फिटर | शनिवार, सकाळी १०.४०

पहाटेचा पामबीच रिकामा असतो तो फिरायला येणाऱ्यांसाठीही असतो, एवढे ध्यानात असू द्या.

एमएक्स-५ चे उदाहरण मात्र इथे लागू पडत नाही. त्या गाडीचे इंजिन उभे, म्हणजे गाडीच्या लांबीत, गिअरबॉक्स त्याच्या मागे आणि दांडा थेट गिअरबॉक्सच्या डोक्यावर बसवलेला. मध्ये केबल नाही, सांधे नाहीत. आपल्याकडच्या बोलेरोचा दांडाही मागच्या गिअरबॉक्समध्येच उतरतो, पण त्याला कोणी आखूड म्हणणार नाही. म्हणजे नुसती जागा नव्हे, आखणीच मुळातून तशी केलेली असावी लागते. केबलच्या गाडीला तसा स्पर्श सात-आठ हजारांत येत नाही.

धागाकर्त्यांचा दुसरा प्रश्न गिअरबॉक्सच्या अपायाचा आहे. मी बत्तीस वर्षे गिअरबॉक्स उघडले आहेत, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. गिअर टाकला की आतले चाक सरकते असा अनेकांचा समज असतो. पुढे जाणाऱ्या गिअरची चाके जागेवरच एकमेकांत कायम गुंतलेली असतात. सरकतो तो शेजारचा स्लीव्ह, म्हणजे चाकाला शाफ्टशी जोडणारे कडे. चाकाचा वेग वेगळा आणि शाफ्टचा वेगळा, म्हणून मध्ये एक पितळी रिंग असते, जी शंकूवर घासून दोघांचे वेग सारखे करते आणि ते सारखे होईपर्यंत स्लीव्हला पुढे जाऊ देत नाही. दांडा मध्येच क्षणभर अडल्यासारखा वाटतो, तो हाच क्षण. पल्ला कमी केल्याने हा क्षण कमी होत नाही. तो दाबून कमी करता येतो, पण त्याची किंमत रिंग मोजते. दुसऱ्या गिअरची रिंग सर्वांत आधी जाते, कारण वेगातला फरक तिथे मोठा आणि वापरही तिथेच जास्त. मग दुसरा टाकताना ‘कर्र’ ऐकू येते आणि मंडळी म्हणतात, क्लच बिघडला.

पामबीच_पहाट | शनिवार, सकाळी ११.१५

काका, एक शंका. प्रमाण बदलल्यामुळे जास्तीचा जोर माझ्या हाताला लागतो. रिंगेवर पडणारा जोर तेवढाच राहतो. मग शॉर्ट शिफ्टरमुळे रिंग झिजते, हे म्हणणे तर्काला धरून नाही.

निवृत्त_फिटर | शनिवार, सकाळी ११.३२

तर्काला अगदी धरून बोललात. किटमुळे रिंग झिजत नाही, घाईमुळे झिजते. फक्त घाई नसलेल्या माणसाने किट विकत घेतलेले मी अजून पाहिलेले नाही.

विटावा_बोगदा | शनिवार, दुपारी १२.१०

काकांना दंडवत.

लांब पल्ल्याच्या तक्रारी वाचून मला आमची पद्मिनी आठवली. स्टेअरिंगला चिकटलेला गिअर, चार गिअर, आणि प्रत्येकाचा पल्ला असा की चौथा टाकेपर्यंत शेजारच्याशी एक विषय बोलून व्हायचा. खालची जोडणी झिजली की ती पहिल्या आणि दुसऱ्याच्या मध्ये अडकून बसायची. मग वडील शांतपणे उतरायचे, बॉनेट उघडायचे, हाताने दोन्ही पट्ट्या न्यूट्रलला आणायचे आणि रुमालाला हात पुसत पुन्हा बसायचे. हे एकदा भर कळवा पुलावर झाले होते. मागच्या एसटीच्या ड्रायव्हरने हॉर्न न वाजवता चक्क उतरून मदत केली, कारण त्याच्या स्वतःच्या हातात गुडघ्याएवढा थरथरता दांडा होता आणि दुःखाची ओळख पटली असावी.

सांगायचा मुद्दा एवढाच, की पल्ला लांब होता हा त्या गाडीचा स्वभाव होता आणि अडकत होती हा तिचा आजार होता. धागाकर्त्यांनी आधी स्वतःच्या गाडीचे काय आहे ते पाहावे.

निवृत्त_फिटर | शनिवार, दुपारी १२.३०

हेच लिहायला परत आलो होतो. धागाकर्त्यांनी लिहिले आहे की ‘गेल्या वर्षभरात’ पल्ला लांब वाटू लागला. कारखान्यातून आलेला पल्ला वर्षभरात वाढत नाही. वाढतो तो प्ले, म्हणजे सांध्यांतला सैलपणा. लाखावर किलोमीटर झालेल्या गाडीत केबलच्या टोकांचे प्लास्टिकचे बुश (सांध्यात बसणाऱ्या छोट्या नळ्या) गेलेले असणे ही नित्याची गोष्ट आहे.

घरच्या घरी पाहता येईल. इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला, गिअर तिसऱ्यात. नॉब हलक्या हाताने चारी दिशांना हलवून पाहा. मग एकाला आत बसवा, बॉनेट उघडा आणि गिअरबॉक्सवर केबल जिथे जोडली आहे तिथे नजर ठेवा. काही गाड्यांत त्यासाठी एअर फिल्टरचा डबा काढावा लागतो. आतला दांडा हलतो आणि तिकडचा हात हलत नाही, तेवढी हालचाल बुशने खाल्लेली आहे.

सातवा_मजला_खारघर | शनिवार, दुपारी ३.४५

मी शॉर्ट शिफ्टर बसवून सात महिन्यांत काढून टाकला, म्हणून लिहिते. माझ्या डाव्या खांद्याचे जुने दुखणे आहे. पल्ला कमी झाला की हात कमी हलेल, असेच मलाही वाटले होते. झाले असे, की पूर्वी जे काम मनगट आणि कोपर सैल ठेवून होत असे, त्यासाठी आता दंडापासून जोर लावावा लागू लागला. मोकळ्या रस्त्यावर ते जाणवले नाही. जाणवले ते तुर्भ्याच्या सिग्नलांच्या रांगेत, जेव्हा पहिला-दुसरा, पहिला-दुसरा असे तासभर चालले आणि संध्याकाळी वेणी घालायला हात वर जाईना. सकाळी गाडी थंड असताना, तेल घट्ट असते तेव्हा, पहिली पाच मिनिटे दुसरा गिअर विशेष जड जायचा.

शिवाय बुशच्या जागी धातूचे तुकडे आल्यामुळे इंजिनाचा कंप थेट नॉबमध्ये यायचा. माझी गाडी डिझेलची आहे. सिग्नलला उभी असताना नॉब मुंग्या आल्यासारखा थरथरायचा.

कोपरापुढे_आर्मरेस्ट | शनिवार, सायंकाळी ५.१०

ताईंचा अनुभव मोलाचा आहे, पण दुसऱ्या बाजूचा एक फायदा कोणीच लिहिलेला नाही. माझी उंची ५ फूट २ इंच आहे. क्लच पूर्ण दाबता यावा म्हणून सीट बरीच पुढे घ्यावी लागते आणि त्यामुळे दांडा माझ्या शेजारी नव्हे, जवळजवळ मागे येतो. दुसरा आणि चौथा टाकताना कोपर आर्मरेस्टवर आपटायचे. आर्मरेस्ट वर उचलून गाडी चालवावी लागे. पल्ला आखूड केल्यावर हा त्रास पूर्ण गेला. माझ्यासारख्यांसाठी ही बसण्याच्या सोयीची बाब आहे, शर्यतीची नव्हे. जोर थोडा जास्त लागतो, ते मान्य.

लेथवाला_रबाळे | शनिवार, सायंकाळी ५.४०

हा मुद्दा खरोखर नवा आहे आणि माझ्या डोक्यात कधीच आला नव्हता, कारण मी सहा फुटी आहे.

आता माझी फजिती सांगतो. पहिल्यांदा केलेला गिअरबॉक्सवरचा हात मी हौसेने जास्तच आखूड केला होता. गिअर बसल्यासारखा वाटायचा, पण स्लीव्ह आत पूर्ण सरकतच नसे. गायमुखच्या उतारावर तिसऱ्यात ॲक्सिलरेटर सोडला की दांडा आपोआप न्यूट्रलला येऊन पडायचा. दोनदा झाल्यावर घाबरलो आणि हात ४ मिलिमीटर लांब करून नव्याने केला, केबलचे माप पुन्हा जुळवले, तेव्हा ते थांबले. बाजारातले किट बसवणारा मिस्त्री केबल जुळवतो की नुसते नट आवळून देतो, हे उभे राहून पाहा.

दोन_नंबरचा_बळी | शनिवार, रात्री ९.०५

याहून वाईट प्रकार मी केला आहे. माझ्या किटमध्ये पुढे-मागे पल्ल्याबरोबर डावी-उजवी रांगही अरुंद झाली होती. मुंब्रा बायपासवर पाचव्यातून चौथ्यात यायचे होते आणि हात सवयीने गेला तो दुसऱ्यात. क्लच सोडताच इंजिन किंचाळले. चौथ्यापेक्षा दुसऱ्यात इंजिन जवळपास दुप्पट फिरते, आणि अशा वेळी आरपीएमची मर्यादा राखणारी यंत्रणा काहीही करू शकत नाही, कारण ती फक्त इंधन तोडते. इथे इंजिनाला चाके फिरवत असतात. माझ्या नशिबाने वेग ६० च्या आत होता, म्हणून व्हॉल्व्ह वाचले. हायवेवरच्या वेगात हे झाले असते तर मी हा प्रतिसाद रिक्षातून लिहीत असतो.

रांगांमधले अंतर कमी करणारे किट घेऊ नये, एवढे माझे ठाम मत आहे.

अर्धा_क्लच | शनिवार, रात्री ९.२०

आपल्या टोपणनावाचा उगम आज कळला.

पामबीच_पहाट | शनिवार, रात्री १०.१५

चूक हाताची असते, किटची नसते. मोठ्या पल्ल्याच्या गाडीतही लोक चौथ्याऐवजी दुसरा टाकतातच. तरी रांगेबाबत सहमत आहे. माझ्या किटमध्ये फक्त पुढे-मागे बदल आहे.

ज्यांना कमी खर्चात स्पर्श सुधारायचा आहे, त्यांच्यासाठी एक मधला मार्ग: जड नॉब. वजनामुळे दांडा गतीच्या जोरावर तो अडण्याचा बिंदू सहज ओलांडतो आणि प्रमाण काही बदलत नाही, म्हणून जोरही वाढत नाही. फक्त स्टीलचा घेऊ नका. मी घेतला होता. मे महिन्यात दोन तास उन्हात उभ्या असलेल्या गाडीत तो रुमालाने धरून पहिला गिअर टाकावा लागायचा.

निवृत्त_फिटर | रविवार, सकाळी ७.१०

नॉबच्या वजनाचे म्हणणे योग्य आहे. पण त्याहून स्वस्त उपाय म्हणजे गिअर ऑइल, जे लोक गाडी विकेपर्यंत बदलत नाहीत. कंपनीच्या पुस्तिकेत जीएल-४ हा तेलाचा दर्जा लिहिला असेल तर ‘वरचा नंबर चांगला’ म्हणून जीएल-५ भरू नका. त्यातली काही रसायने पितळाला मानवत नाहीत, आणि तेल जास्त निसरडे असले की रिंगेला शंकूवर पकडच मिळत नाही.

आणि वाहतुकीत थांबल्यावर हात नॉबवर टेकवून ठेवण्याची जी सर्वांची सवय आहे ती सोडा. तेवढ्या भारानेही स्लीव्ह सरकवणारा आतला फोर्क त्याच्या खाचेवर घासत राहतो. घोडबंदर रोडवर मेट्रोच्या खांबांखाली उभ्या असलेल्या दहा गाड्यांत डोकावून पाहिले, तर नऊ हात नॉबवरच दिसतील. दहाव्याच्या हातात मोबाईल असेल.

विटावा_बोगदा | रविवार, सकाळी ९.३०

एक व्यवहाराची बाब राहिली. वॉरंटीत असलेल्या गाडीत बाहेरचे किट बसवले आणि पुढे गिअरबॉक्सची तक्रार घेऊन गेलात, तर कंपनी सर्वांत आधी किटकडेच बोट दाखवील. धागाकर्त्यांची गाडी त्यापलीकडे गेली आहे, पण वाचणाऱ्या इतरांनी मूळ भाग पिशवीत घालून माळ्यावर जपून ठेवावेत.

खाडीपलीकडचा | रविवार, रात्री ८.४०

सर्वांचे मनापासून आभार. आज सकाळी फिटरकाकांची तपासणी केली आणि दुपारी ढोकाळीतल्या ओळखीच्या मिस्त्रीकडे गेलो, म्हणून सविस्तर लिहितो.

मुलाला आत बसवून दांडा हलवायला सांगितला आणि मी बॉनेटमध्ये वाकून पाहत होतो. तो आतून ओरडत होता, ‘हलवतोय, बाबा!’, आणि माझ्यासमोर गिअरबॉक्सवरचा हात ढिम्म उभा होता. बऱ्याच उशिरा तो दचकल्यासारखा हलला. मिस्त्रीने केबलचे टोक उपसले तेव्हा बुश अखंड निघालाच नाही. चिंचोक्याच्या सालीसारखे तपकिरी तुकडे त्याच्या तळहातावर आले आणि बोटाने दाबताच त्यांचा चुरा झाला. दुसऱ्या केबलचा बुश शाबूत होता, पण आतले भोक गोल न राहता अंड्यासारखे झाले होते.

जाण्याआधी बायकोच्या शिवणाच्या पट्टीने मापे घेतली होती. दुसऱ्यापासून तिसऱ्यापर्यंत नॉब १५२ मिलिमीटर जात होता. नवे बुश घातल्यावर १३० जातो. न्यूट्रलमधला डावा-उजवा सैलपणा जवळजवळ गेला. दोन बुश आणि मजुरी मिळून ६८० रुपये झाले. ऑइलही बदलायला सांगितले आहे, ते पुढच्या रविवारी. पिठले आता पिठले राहिलेले नाही.

लेथवाला_रबाळे | रविवार, रात्री ९.००

१५२ चे १३० म्हणजे साडेचौदा टक्के, तेही जोर न वाढवता. आता हे पाहा: त्या सैल बुशांवरच किट बसवले असते, तर प्लेचे २२ मिलिमीटर नॉबवर साडेसोळा वाटले असते. तुम्ही खूश होऊन घरी गेला असता आणि तो चुरा एखाद्या दिवशी माजिवड्याच्या पुलावर सुटला असता.

किटचा विचार अजून असेल तर पुढच्या शनिवारी रबाळ्याला या. माझी गाडी चालवून पाहा आणि मग ठरवा. बाजारात कोणी चालवून पाहायला देत नाही.

खाडीपलीकडचा | रविवार, रात्री ९.१५

नक्की येईन. मोह पूर्ण सुटलेला नाही, हे कबूल करतो. अर्धा_क्लच यांच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मात्र राहिलेच होते. आज ढोकाळीहून घरी येताना मुद्दाम लक्ष ठेवले. हात कधीच दुखत नव्हता. दुखतो तो डावा गुडघा.

अर्धा_क्लच | रविवार, रात्री ९.१८

मग क्लचची केबल कधी बदलली होती?

खाडीपलीकडचा | रविवार, रात्री ९.२५

कधीच नाही. मिस्त्रीला उद्याच फोन करतो.

नवीन_सभासद_कामोठे | सोमवार, सकाळी ६.५५

धागा आत्ताच वाचला. माझ्याकडे सहा गिअरची डिझेल सेडान आहे. तिला असे किट बसेल का?

लेथवाला_रबाळे | सोमवार, सकाळी ७.३०

रिव्हर्ससाठी नॉबखालची रिंग उचलावी लागते का, ते आधी सांगा. आणि बुश तपासून या.